थर्टीन गोइंग ऑन थर्टी : तेरा वर्षांच्या मुलीने घेतलेली झाडाझडती

रानजाई

जुन्या रोमँटिक विनोदी सिनेमांवर इथे अधूनमधून गप्पा होतात, पण या सिनेमावर स्वतंत्र धागा सापडला नाही म्हणून काढते आहे. २००४ सालचा, गॅरी विनिक यांनी दिग्दर्शित केलेला, जेनिफर गार्नर आणि मार्क रफलो यांचा 'थर्टीन गोइंग ऑन थर्टी'. पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण शेवटासकट सगळं लिहिणार आहे.

गोष्ट सुरू होते १९८७ मध्ये, न्यू जर्सीच्या एका उपनगरात. जेना रिंकचा तेरावा वाढदिवस. वर्गातल्या भाव खाणाऱ्या मुलींचा एक कंपू आहे, 'सिक्स चिक्स'. जेनाला काहीही करून त्यात शिरायचंय. शेजारचा मॅट तिचा सख्खा मित्र, गोलमटोल, गळ्यात कॅमेरा. वाढदिवसाला तो तिच्यासाठी स्वतःच्या हाताने एक छोटं घर करून आणतो, तिच्या स्वप्नातलं, आणि त्यावर इच्छा पूर्ण करणारी चमचमती पूड भुरभुरवतो. पार्टीत कंपूतल्या मुली जेनाला डोळ्यांवर पट्टी बांधून कपाटात बसवतात, आवडता मुलगा आत येणार असं सांगतात आणि खाणंपिणं उचलून निघून जातात. दार उघडतो मॅट. जेना सगळा राग त्याच्यावर काढते, पुन्हा कपाटात कोंडून घेते आणि मागणं मागते की मला एकदम तिशीची कर.

डोळे उघडते तेव्हा ती न्यूयॉर्कमधल्या एका झगमगीत फ्लॅटमध्ये तीस वर्षांची आहे. 'पॉइझ' नावाच्या फॅशन मासिकात संपादक, कपाटभर चपला, नामांकित हॉकीपटू प्रियकर. मधली सतरा वर्षं तिच्या लेखी घडलेलीच नाहीत.

इथून पुढची धमाल सगळ्यांना आवडते, मलाही आवडते. पण माझं या सिनेमावर इतकं प्रेम का आहे ते वेगळं सांगायचंय. मोठ्या माणसात लपलेलं मूल म्हटलं की आपल्याला पावसात भिजणं, झोपाळ्यावर बसणं, आईसक्रीम हे आठवतं. ते इथेही आहे. पण ही मुलगी नुसती बागडायला आलेली नाही. ती मोठ्या जेनाच्या आयुष्यात पोलिसांसारखी शिरते आणि एकेक खण उघडून बघते. इथे काय आहे? सहकारिणीच्या नवऱ्याशी लफडं. इथे? आईवडिलांशी बोलणं बंद. मॅट? त्याच्याशी शाळेपासून संबंध तुटलेले. आणि शेवटच्या खणात, स्वतःच्याच मासिकाच्या कल्पना 'स्पार्कल' या प्रतिस्पर्धी मासिकाला पुरवणारी माणूस ती स्वतःच आहे. विनोदी सिनेमात नायिकेला स्वतःच्याच विरुद्ध इतके पुरावे सापडलेले मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ती घरी जाते तो भाग. मागे बिली जोएलचं 'व्हिएन्ना' वाजत असतं. जेना त्याच जुन्या कपाटात बसून रडते, आणि रात्री विजा कडाडायला लागल्यावर उठून आईवडिलांच्या पलंगावर जाऊन झोपते. आईवडील गोंधळतात, कारण इतक्या वर्षांत ही मुलगी धड भेटायलाही आलेली नाही, पण कोणी एक अक्षर विचारत नाही. गार्नर तिथे तीस वर्षांच्या शरीराने तेरा वर्षांच्या मुलीसारखी अंग चोरून शिरते. बालिश आवाज काढत नाही, चेहरे करत नाही. फक्त खांदे आणि गुडघे. हा सिनेमा तिने अशा जागांवर पेलला आहे.

मी पहिल्यांदा केबलवर पाहिला तेव्हा जेनाच्याच वयाची होते. आता तिशी ओलांडली आहे. तुम्ही कोणत्या वयात पाहिलात, आणि नंतर पुन्हा पाहिल्यावर काही बदललं का?

दुपारचा_चहा

वा! धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. माझ्या लाडक्या सिनेमांच्या यादीत हा कायम वर.

'थ्रिलर'च्या नाचाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून? मासिकाची पार्टी पार झोपलेली, लोक काढता पाय घेतायत, मुख्य संपादक हवालदिल. जेनाला वाटतं, लोक नाचत नाहीत ना, मग आपण नाचू. मायकेल जॅक्सनचं गाणं लावायला सांगते आणि एकटी मैदानात उतरते. तो व्हिडिओ १९८३ च्या डिसेंबरमधला, त्यामुळे १९८७ साली तेरा वर्षांच्या मुलीला त्याच्या सगळ्या स्टेप पाठ असणारच. आणि गंमत अशी की पार्टीतल्या बाकीच्यांनाही त्या पाठ आहेत! सगळे त्याच पिढीचे. एकेक जण आठवत आठवत सामील होतो. ते सगळे तेव्हा आपापल्या घरच्या टीव्हीसमोर नाचलेले आहेत हे न सांगता कळतं.

२०२४ मध्ये हॉलिवूड वॉक ऑफ फेमवर मार्क रफलोचा तारा बसवला, त्या समारंभात गार्नरने सांगितलं होतं की या नाचाच्या तालमीला तो इतका वैतागला की सिनेमाच सोडायला निघाला होता. हे कळल्यापासून तो प्रसंग मी वेगळ्या नजरेने बघते. मॅटच्या चेहऱ्यावरचा तो अवघडलेपणा अभिनयाचा किती आणि खरा किती कोण जाणे, पण त्या पात्राला तो तंतोतंत शोभतो.

आणि हो, मुख्य संपादक रिचर्डचं काम करणारा अँडी सर्किस म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला आपला गोलम! मी हे घरी सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना.

वाळवण

सिनेमा आवडतो, लेखही आवडला. पण शेवट मला पटत नाही, पहिल्यांदा पाहिला तेव्हाही पटला नव्हता.

रानजाई, तुम्ही ज्या घरच्या प्रसंगाबद्दल लिहिलंय त्याच्या पुढचंच बघा. जेना आईला विचारते, आयुष्यात एखादी गोष्ट पुन्हा नव्याने करायला मिळाली तर कोणती करशील? आई म्हणते, काहीच नाही. चुका भरपूर झाल्या, पण त्या झाल्या नसत्या तर गोष्टी नीट कशा करायच्या हे शिकलेच नसते. अख्ख्या सिनेमातलं हे सगळ्यात समंजस बोलणं. मॅटही दुसऱ्या मुलीशी ठरलेल्या स्वतःच्या लग्नाच्या दिवशी जेनाला तेच सांगतो, की काळ मागे नेता येत नाही. तिच्यावर पहिल्यापासून प्रेम होतं हे कबूल करतो आणि तरीही ठरलेलं लग्न मोडत नाही. जेना मॅटने केलेलं ते छोटं घर उराशी धरून बाहेर येते आणि रडते. इथे सिनेमा संपला असता तर मी त्याला डोक्यावर घेतलं असतं.

पण मग पूड उडते, ती पुन्हा १९८७ च्या कपाटात, मॅटला मिठी, कंपूची म्होरकी लुसी हिला चार शब्द सुनावणं, पुढे थेट लग्न आणि गुलाबी घर. म्हणजे आई म्हणाली ते खोटं? जेनाला मात्र सगळं नव्याने करायला मिळालं. आपल्यापैकी कोणालाही ते मिळत नाही.

निळाशार

वाळवण यांना अनुमोदन. शिवाय वेंडीचं काय? मॅटची होणारी बायको. तिच्यात काहीही खोट दाखवलेली नाही, ती कोणाशी वाईट वागत नाही. अशा सिनेमांमध्ये नायकाची वाग्दत्त वधू सहसा खडूस दाखवतात, म्हणजे प्रेक्षकाला तिला सोडताना वाईट वाटायला नको. इथे तो सोपा मार्ग घेतला नाही हे मला आवडलं. पण शेवटी काळच पुसला गेल्यामुळे वेंडीशी काही बोलायची वेळच कोणावर येत नाही.

दुसरा मुद्दा थोडा अवघड आहे, पण लिहितो. याच्या आधीचा याच धर्तीचा मोठा सिनेमा म्हणजे १९८८ चा 'बिग'. पेनी मार्शल यांनी दिग्दर्शित केलेला, टॉम हँक्सला पहिलं ऑस्कर नामांकन मिळवून देणारा. अमेरिकेत दहा कोटी डॉलरच्या वर कमाई करणारा एखाद्या स्त्रीने दिग्दर्शित केलेला तो पहिला सिनेमा. खेळण्यांच्या दुकानात जमिनीवरच्या भल्यामोठ्या पियानोवर हँक्स आणि रॉबर्ट लॉजिया उड्या मारतात, तो प्रसंग सिनेमा न पाहिलेल्यांनाही माहीत असतो. पण त्यात सुझन नावाच्या बाईचे आणि आतून तेरा वर्षांच्या असलेल्या मुलाचे जे संबंध दाखवलेत ते आज बघताना घशाखाली उतरत नाहीत. 'थर्टीन गोइंग'वाल्यांनी याचा विचार केलेला दिसतो. हॉकीपटू प्रियकर कपडे काढत नाचायला लागतो तेव्हा जेना घाबरून लांब पळते. मॅटशी जे काही होतं ते झोपाळ्यावर गप्पा आणि एक चुंबन, तेवढंच. उपाहारगृहात तेरा वर्षांच्या मुलाकडे बघून ती लाजते तो विनोद मात्र आज कोणी लिहिणार नाही, आणि तो नसता तर बरं झालं असतं.

उंबरठ्यापाशी

मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे 'आतलं मूल' हे शब्द रोज कानावर पडतात. बहुतेक जण येतात ते असं मानून की ते मूल निरागस होतं, जगाने त्याला बिघडवलं, आणि आता त्याला शोधून परत आणलं की सगळं ठीक होईल. याच संदर्भात एक निरीक्षण मांडते.

मनोविकारतज्ज्ञ एरिक बर्न यांनी माणसाच्या मनाच्या तीन अवस्था सांगितल्या: पालक, प्रौढ आणि बालक. त्यातला बालक नुसता खेळणारा, हसणारा नसतो. त्याची एक दुसरी बाजू असते, ती म्हणजे इतरांना आवडावं म्हणून स्वतःला वाकवणारा बालक. त्याला सगळ्यात मोठी भीती असते ती गटाबाहेर पडण्याची.

आता जेनाकडे बघा. वाढदिवसाच्या दिवशी मॅट मेहनतीने केलेलं घर घेऊन येतो, आणि तिचं सगळं लक्ष त्या कंपूने यावं याकडे. लुसी पार्टीला येणार कशाच्या बदल्यात? जेनाने त्यांचा शाळेचा प्रकल्प लिहून द्यायचा. म्हणजे माणसं मिळवण्यासाठी स्वतःचं काम देऊन टाकायचं आणि जो विनाअट आपला आहे त्याच्यावर राग काढायचा, हे तेराव्या वर्षीच ठरलेलं आहे. तीस वर्षांची जेना वेगळं काय करते? मासिकाच्या कल्पना बाहेर देते, वरच्या खुर्चीसाठी. माणसं वापरते. मॅटला विसरते.

रानजाई, तुमची झाडाझडतीची कल्पना मला फार आवडली. पण खणांमध्ये जे सापडतं ते ठेवलेलं कोणी? त्याच मुलीने. तिशीतली जेना ही त्या मुलीने मागितलेली इच्छा आहे, शब्दशः पूर्ण झालेली. त्यामुळे घरी जाऊन ती रडते ते मोठी जेना वाईट निघाली म्हणून नाही. आपण मागितलं ते हेच होतं, हे तिला कळलेलं असतं.

रानजाई

उंबरठ्यापाशी, तुमचा प्रतिसाद वाचून सिनेमा पुन्हा लावला आणि पहिली वीस मिनिटं नीट पाहिली. तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. मी आतापर्यंत मोठी जेना आणि छोटी जेना अशा दोन बाया समजून बघत होते, एक बिघडलेली आणि एक निर्मळ. पण शाळेत फोटो काढतात त्या सुरुवातीच्या प्रसंगातसुद्धा छोटीची नजर सतत त्या मुलींकडे आहे.

मग मला वाळवण यांच्या आक्षेपाचंही उत्तर सापडल्यासारखं वाटतं. ती परत जाते तेव्हा सतरा वर्षं पुसली जातात, मान्य. पण तिथे ती काय करते बघा. लुसीला लिहून दिलेला तो प्रकल्प फाडते. दोष तेराव्या वर्षात होता आणि ती दुरुस्तही तिथेच करते. आईचं म्हणणं खोटं ठरत नाही, कारण जेना चुकेचं फळ बघून आलेली आहे, चूक न करताच शहाणी झालेली नाही.

स्लॅमबुक आठवतं का कोणाला? आमच्या सांगलीच्या घरी माळ्यावर माझं आठवीतलं सापडलं होतं. मधोमध हार्ट, कडेने जेल पेनची नक्षी, आणि ठरलेले प्रश्न: टोपणनाव, आवडता हिरो, महत्त्वाकांक्षा, माझ्याबद्दल काय वाटतं. वर्गातल्या सगळ्यात भाव असलेल्या मुलीने माझ्या पानावर फक्त 'नाइस गर्ल' एवढंच लिहिलं होतं. ते पान मी प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून ठेवलेलं. माझ्या जिवलग मैत्रिणीने पुढची दोन पानं बारीक अक्षरांत भरली होती, ती तशीच, कोपरे दुमडलेली. हे बघितलं आणि जेना अगदी कळली.

जर्सीकर

मूळचा नाशिकचा, गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत. सिनेमा बायकोने दाखवला, मुलीही सोबत होत्या.

इथे राहणाऱ्याला एक गोष्ट जास्त बोचते. जेना मॅनहॅटनमध्ये राहते आणि आईवडील न्यू जर्सीत. इथले हजारो लोक हा प्रवास रोज सकाळ-संध्याकाळ कामासाठी करतात. आणि ती जात नाही. आम्ही नाशिकला जायचं तर वर्षभर आधीपासून सुट्ट्यांचा हिशोब, तिकिटांचे दर, मुलींची शाळा बघतो. आईचं वय झालंय, फोनवर नीट ऐकू येत नाही. त्यामुळे ती पलंगावर जाऊन झोपते तेव्हा मला हसूही येत नाही आणि रडूही येत नाही, राग येतो. मग आई एक शब्द न विचारता जागा देते आणि राग जातो.

मुलींना सिनेमातली वेगळीच गोष्ट आवडली. रॅझल्स. आधी गोळी, चघळली की च्युइंगम. सिनेमात जेना आणि मॅट ती वाटून खातात, शेवटी लग्नानंतर सोफ्यावर बसूनही खातात. खरोखरची आहे ती, इथे दुकानात मिळते. आम्ही आणली. मुलींना आवडली, मला नाही.

सायकलस्टँड

सगळे जेनाबद्दल बोलताय, मी मॅटची बाजू मांडतो.

शाळेत मी मॅट होतो. मुलींशी मैत्री, चित्रकला, हस्तकलेत हात चांगला, मैदानावर शून्य. तेराव्या वर्षी मुलाने मुलीसाठी बाहुल्यांचं घर करून नेणं, तेही तिच्या घरी सगळा वर्ग जमणार असताना, याला काय धैर्य लागतं ते त्या वयात तसं काही केलेल्यालाच माहीत. मी एका मुलीला आगपेट्यांचा बंगला करून दिला होता, दारं उघडझाप होणारा. तिने तो घेतला आणि छान म्हणाली, त्यावर माझं अख्खं वर्ष गेलं.

सिनेमा मॅटला कुठेही हास्यास्पद करत नाही. मोठेपणी तो ग्रीनिच व्हिलेजमध्ये राहणारा साधा छायाचित्रकार आहे, चारचौघांसारखा. रफलो त्याला हळू बोलणारा, थोडा थकलेला दाखवतो. जेना आनंदाने धावत येते तेव्हा तो दारात उभा राहून तिच्याकडे परक्या नजरेने बघतो, कारण त्याच्या हिशोबात सतरा वर्षं खरोखर गेलेली आहेत. अपमान त्याच्या लक्षात आहे. तरी ते घर त्याने फेकलेलं नाही. लग्नाच्या दिवशी तो ते काढून तिच्या हातात देतो तेव्हा मला वाटतं, हा प्रेमकथेचा नायक तेराव्या वर्षीच नायक होता. तिला बदलावं लागलं, त्याला नाही.

आणि मासिकाचं सादरीकरण कोणीच काढलं नाही? फॅशनच्या मॉडेल नकोत, शाळेच्या वार्षिकात असतात तसे ओळखीतल्या खऱ्या मुलींचे हसरे फोटो हवेत, असं जेना मांडते आणि फोटो मॅट काढतो. मोठेपणी जेनाची सहकारी झालेली लुसी तेच उचलून 'स्पार्कल'कडे जाते. जूडी ग्रीअरची लुसी इतकी जमून आलीय की तिचा राग येतो आणि ती पडद्यावर असेपर्यंत नजर हटत नाही.

मोरपंखी_वही

मी इथे सगळ्यांत लहान असेन. हा सिनेमा मला कळला तो २०१८ मध्ये अरियाना ग्रांडेच्या 'थँक यू, नेक्स्ट'च्या व्हिडिओमुळे. त्यात ते छोटं घर आहे. मैत्रिणीने सांगितलं की हे एका जुन्या सिनेमातलं आहे, मग शोधून पाहिला.

तुम्हा सगळ्यांना यात १९८७ किंवा २००४ दिसतं. मला २००४ हाच जुना काळ वाटतो. जेनाच्या पर्समध्ये मोबाइल वाजतो आणि तिला आवाज कुठून येतोय ते कळत नाही, यावर तुम्ही हसत असाल, पण मला तो मोबाइलही तितकाच अनोळखी होता.

एक विचारते. 'थर्टी, फ्लर्टी अँड थ्रायव्हिंग' या शब्दांवर छोटी जेना भाळते, मासिकात वाचून. आमच्या पिढीला असं वाक्य दिवसातून पन्नास वेळा स्क्रीनवर दिसतं. वाढदिवसाच्या केकवरही तेच असतं. मी लवकरच तिशीत जाईन आणि मला या वाक्याची धास्ती वाटते. ताई, तुम्हाला तिशीत गेल्यावर तसं काही वाटलं होतं का?

रानजाई

मोरपंखी, वाटलं होतं. माझ्या तिसाव्या वाढदिवसाला घर नव्हतं, लग्न नव्हतं, नोकरी नुकतीच बदललेली. त्या रात्री हा सिनेमा मुद्दाम लावला नाही, कारण जेनाचा फ्लॅट बघवला नसता. नंतर कधीतरी लावला तेव्हा लक्षात आलं की त्या फ्लॅटमध्ये ती आनंदी असलेला एकच प्रसंग आहे, इमारतीतल्या शाळकरी मुली झोपायला येतात तो. सगळ्या गादीवर उड्या मारून गातात. चपलांच्या कपाटाचा तिथे काही संबंध नाही. वाक्याची धास्ती घेऊ नकोस. आणि तुझ्या तिसाव्याला इथे येऊन नक्की सांग कसं गेलं ते.

सायकलस्टँड, आगपेट्यांचा बंगला केलात म्हणजे तुम्ही माझ्या आवडत्या माणसांत बसलात.

वाळवण

रानजाई, प्रकल्प फाडण्याचा मुद्दा पटला. लग्न आणि गुलाबी घर अजून पटलेलं नाही, तिथे मी ठाम आहे. लेखकांना जेनाला तिशीतच ठेवून वेंडीच्या लग्नाला हजर राहायला लावता आलं असतं. गार्नरने तो प्रसंग उत्तम केला असता.

आता एक सुचवतो. २०२२ मध्ये शॉन लेव्ही यांचा 'द ॲडम प्रोजेक्ट' नेटफ्लिक्सवर आला. त्यात मोठा झालेला नायक भूतकाळात जाऊन बारा वर्षांच्या स्वतःलाच भेटतो. म्हणजे तिथे दोघं समोरासमोर बसून भांडतात, कोणी कोणाच्या शरीरात शिरत नाही. आणि त्या मुलाचे आईवडील कोण? जेनिफर गार्नर आणि मार्क रफलो. नवरा-बायको. प्रेमकथा नाही, विज्ञानकथा आहे, मारामारीही बरीच. पण मोठा नायक बारमध्ये आईशी बोलतो तो प्रसंग पाहा. ती त्याला ओळखत नाही, तो तिला ओळखतो.

रानजाई

हे दोघं पुन्हा एकत्र आले हे माहीत होतं, सिनेमा राहून गेला होता. आज रात्री लावते. उद्या त्यावर इथेच लिहीन, कोणाला सोबत पाहायचा असेल तर साडेनऊला सुरू करते आहे.

दुपारचा_चहा

मी आहे साडेनऊला.